वत्सलामावशींची सातवी वही

श्रीरंग दामले यांनी वत्सलामावशींना फसवलं. त्यांच्या कथेचा शेवट त्यांना न विचारता बदलला, निर्दोष माणसाला चोर ठरवलं आणि वर त्याखाली मावशींचंच नाव छापलं. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, कारण आमच्या मंडळातल्या बऱ्याच लोकांना पहिल्या पानापलीकडे मराठी वाचायची सवय राहिलेली नाही.

दामले म्हणजे आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक. सोमवार ते शुक्रवार सॉफ्टवेअरमध्ये मॅनेजर, शनिवार-रविवार साहित्यिक. मी जगताप. अमेरिकेत, बॉस्टनजवळच्या श्रूजबरीत, रूट नाइनवर माझं किराणा मालाचं दुकान आहे. सांगलीकडून आलो, आधी मोटेलच्या चादरी धुतल्या, मग एका रेस्टॉरंटमध्ये चार वर्षं कांदे चिरले, मग दुकान टाकलं. हे कौतुकासाठी सांगत नाही. ‘जगतापांना साहित्यातलं काय कळतं’ असं दामले चारचौघांत म्हणाले आहेत, म्हणून मला काय कळतं ते आधीच स्पष्ट असलेलं बरं. मला माल कळतो. वरून कसा दिसतो आणि आत काय भरलंय, यातला फरक मला कळतो.

हा फरक मला मावशींनीच पहिल्या भेटीत दाखवला, आणि तोही माझ्याच दुकानात. २००३ चा हिवाळा होता. नऊवारी नव्हे, साधी सुती पाचवारी, त्यावर मुलाचं ढगळ जॅकेट, पायात बर्फाचे बूट, अशी एक सत्तरीकडे झुकलेली बाई तूरडाळीचं पाकीट घेऊन काउंटरवर आली आणि म्हणाली, “अहो दुकानदार, ही डाळ जुनी आहे.”

मी म्हणालो, “मावशी, तारीख बघा. पुढच्या वर्षाची आहे.”

“तारीख नवी आहे. डाळ जुनी आहे.”

मी तापलो. मला तापायला फार वेळ लागत नाही. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती. मी म्हणालो, “माझ्या मालावर आरोप करताय. पुरावा आहे?”

हा प्रश्न ऐकून बाईंचा चेहरा असा उजळला, की जणू मी त्यांना पेढा दिला. त्यांनी अंबाड्यातला आकडा काढला, पाकिटावरच्या लेबलाच्या कोपऱ्यात घातला आणि हळूच उचकटला. खाली दुसरं लेबल होतं. त्यावर गेल्या वर्षाची तारीख. घाऊक व्यापाऱ्याने मला गंडवलं होतं, का मी गिऱ्हाइकांना, हे मी आजही सांगणार नाही. त्या एवढंच म्हणाल्या, “लेबल बघायचं नाही, जगताप. लेबलाखालचं बघायचं.” माझं नाव त्यांनी भिंतीवरच्या परवान्यावरून वाचलं होतं.

मी सगळी तूरडाळ शेल्फवरून काढली. आणि दुसऱ्या शनिवारपासून त्या माझ्या दुकानात बसायला लागल्या.

त्यांचा मुलगा नातीला पोहण्याच्या क्लासला न्यायचा आणि जाताना आईला माझ्याकडे सोडायचा. लोणच्यांच्या रॅकशेजारी वीस पौंडी तांदळाच्या पोत्यांची रास असे. मावशी त्यावर बसायच्या. करायच्या काय? तर लोकांच्या बास्केटमध्ये डोकावायच्या. चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेली बाई. तिला गप्प बसून कुणाची तरी चोरी पकडल्याशिवाय करमत नसे.

“ती हिरव्या कोटातली बघा,” त्या मला हळूच सांगायच्या. “तिची सासू येत्येय. राहायला.”

“कशावरून?”

“तीन महिने फ्रोझन पराठे नेत होती. आज गव्हाचं पीठ, पोळपाट, शिवाय वाती. पोळपाट नवरा-बायकोसाठी कुणी घेत नाही.”

मी बिल करताना सहज विचारलं, “काय मग, घरी पाहुणे?” तर ती पोरगी म्हणाली, “हो ना काका, मदर-इन-लॉ येतायत संडेला, सहा महिन्यांसाठी. आय ॲम सो डेड, यार.”

मावशींनी लोणच्याच्या बरणीवरचा मजकूर वाचत असल्यासारखं तोंड फिरवलं, पण त्यांचे खांदे हलत होते.

‘पुरावा?’ हा त्यांचा शब्द होता. कुणी काहीही सांगितलं की भुवई उचलून एवढंच विचारायच्या. मी म्हणालो, अमुक डॉक्टर फार दानशूर आहेत, “पुरावा?” मी म्हणालो, डब्यातला आमरस रत्नागिरी हापूसचा आहे, “पुरावा?” त्यांची नात एकदा म्हणाली, “आजी, आय ब्रश्ड माय टीथ”, आजीने वाकून तिच्या तोंडाचा वास घेतला. दुसरं वाक्य असं : “माहीत नाही तर माहीत नाही म्हणावं. त्याने कुणी मरत नाही. माहीत असल्यासारखं केलं, की मात्र मरतं कुणीतरी.” हे वाक्य त्या वर्गात म्हणत असणार. मला तेव्हा ते मास्तरी वाटायचं.

आणि त्या लिहीत होत्या. चाळीस पानी वह्या, शाईचं पेन, एका बाजूला समास. एक रहस्यकथा लिहीत होत्या आणि ती संपत नव्हती. सहा वह्या भरल्या होत्या. दुपारी दुकान रिकामं असलं, की त्या मला वाचून दाखवायच्या. मी काजूची पाकिटं करत ऐकायचो.

कथा कराडजवळच्या त्यांच्या लहानशा गावातली. दुसरं महायुद्ध संपलेलं, गावातले अकरा शिपाई इटलीहून, कुठून-कुठून परत आलेले. कंट्रोलचे दिवस. साखर कंट्रोल, रॉकेल कंट्रोल, कापड कंट्रोल. गावाने शिपायांचा सत्कार करायचं ठरवलं आणि मामलेदाराने त्या एका दिवसाच्या गोडधोडासाठी खास एक पोतं साखर मंजूर केली. चावडी गळत होती म्हणून पोतं ठेवलं शाळेच्या मागच्या खोलीत. राखणीला धोंडी, परत आलेल्यांपैकीच एक; तो पुढच्या ओसरीवर झोपला. सकाळी खोली उघडली तर पोतं नाही.

संशय अर्थात धोंडीवर. परमुलुखात जाऊन आलेला, पॅन्ट घालणारा, सिगरेट ओढणारा. कुणी त्याला मारलं नाही, फौजदाराकडे नेलं नाही. फक्त गाव त्याच्याशी बोलायचं थांबलं. त्याने बिडीला काडी मागितली तरी लोक खिसे चाचपून पुढे जायचे. आठ दिवसांनी धोंडी गाव सोडून गेला, तो पुन्हा आला नाही.

मावशींच्या कथेत हा तपास करते गावची सुईण, सगुणा. मी विचारलं, “सुईण कशाला? एखादा हुशार फौजदार घ्या.”

“फौजदाराला लोक ओसरीवर बसवतात, जगताप. सुईणीला आतल्या खोलीत नेतात.”

हे मला पटलं. सगुणा या घरातून त्या घरात जाते, कुठे चहा गुळाचा, कुठे कोरा, सगळं बघते. पण पुढे काय बघते, तेच मावशींना सापडत नव्हतं. दोन वर्षं त्या सहाव्या वहीच्या शेवटच्या पानावर अडल्या होत्या. कारण त्यांनी एक दिवस सांगितलं ते असं, की ही गोष्ट खरी होती. धोंडी खरा, पोतं खरं, सगुणाही खरी. “तिच्याकडे अक्कल नव्हती, ती मी दिली. बाकी सगळं तसंच घडलं.” त्या तेव्हा दहा वर्षांच्या होत्या. धोंडीची धाकटी बहीण गंगू ही त्यांची मैत्रीण. एका पाटीवर दोघी लिहायच्या. भाऊ गेल्यावर गंगू शाळेत आली नाही. नदीवर दिसली तर घागर घेऊन दुसऱ्या वाटेने जायची. “साठ वर्षं होत आली,” मावशी म्हणाल्या. “चोर कोण, मला माहीत नाही. आणि माहीत नसताना कुणाला तरी चोर कसं करू?”

मी त्या वेळी वाटाण्याचं पोतं रिकामं करत होतो. घडी घालून कोपऱ्यात ठेवलं आणि सहज म्हणालो, “मावशी, तुमची सगुणा साखर शोधतेय. साखर संपते. पोतं संपत नाही. कापड कंट्रोलमध्ये होतं म्हणता ना? मग असलं धड पोतं कुणी टाकलं असेल होय? मी आज अमेरिकेत टाकत नाही. पोतं कुठे गेलं, ते बघा.”

मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं. वही पिशवीत घातली आणि मुलगा यायच्या आधीच दारात जाऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, मी काहीतरी अडाण्यासारखं बोललो.

पुढचे दोन शनिवार त्या आल्या नाहीत. तिसऱ्या शनिवारी आल्या, तांदळाच्या पोत्यांवर बसल्या आणि कुणाच्या बास्केटकडे न बघता म्हणाल्या, “पोतं आमच्या घरी होतं.”

त्यांचे वडील त्या शाळेचे गुरुजी. शाळेच्या मागच्या खोलीतच एक दार होतं, ते गुरुजींच्या घरात उघडायचं. सगळ्या गावाला ते दार माहीत होतं. “त्या दाराकडे कुणी बघितलं नाही, कारण ते गुरुजींचं दार होतं.” चोरीच्या महिनाभर आधी मावशींच्या धाकट्या भावाचा जन्म झाला होता. आईने त्याला गोधडी शिवली. पुढे काही वर्षांनी ती धुवायला उसवली, तेव्हा आतल्या थरात तरटाचा तुकडा निघाला, त्यावर जांभळ्या शाईचा अर्धा सरकारी शिक्का. वत्सला बघत होती. आई म्हणाली, “बघत काय बसलीस? सुईत दोरा ओव.” तिने दोरा ओवला. “आणि मी साठ वर्षं दोराच ओवत बसले, जगताप. शिक्का डोळ्यांसमोर होता. तुम्ही पोतं म्हणालात तेव्हा दिसला.”

 मी विचारलं, “गुरुजींनी का केलं असेल?”

“माहीत नाही. घरात बाळंतीण अशक्त होती म्हणून असेल, विकली असेल, काहीही. माहीत नाही, ते मी लिहिणार नाही. दार, गोधडी आणि शिक्का, एवढं लिहीन.”

“नावं तरी बदला.”

“नावं बदलून गंगूला काय कळणार?”

गंगूबाई अजून त्याच गावात होत्या, हे त्यांनी भावाकडून काढून घेतलं होतं. शाळा सुटली ती सुटलीच, वाचता येत नव्हतं, पण होत्या. धोंडीचं पुढे काय झालं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मावशींना एवढंच हवं होतं, की ते छापून यावं, पुस्तकासारखं, आणि ते कुणीतरी गंगूबाईंच्या ओसरीवर बसून मोठ्याने वाचावं. “मी पत्र लिहिलं तर ते पत्र होईल. गंगूच्या घरातले ऐकतील, बस. धोंडीला गावाने चोर केलं. छापलेलं असलं, की गाव ऐकेल.” सातवी वही त्यांनी पंधरा दिवसांत संपवली. सगुणा बाळाला गोधडीत गुंडाळायला जाते, गोधडी बोटांना टोचते, ती टाके उसवून बघते. शेवटच्या पानावर ती गावासमोर उभी राहून गुरुजींना फक्त विचारते, “गुरुजी, हा शिक्का कशाचा?” आणि गुरुजी खाली बघतात. एवढंच. मी चार वेळा ऐकलं. चारही वेळा काजूचं पाकीट बांधायचं विसरलो.

आता दामले. दिवाळी अंकात सत्तर पानी कथा कोण छापतं? त्यांना हव्यात कविता, ‘ॲरिझोनातला सूर्योदय’ असली प्रवासवर्णनं आणि शाकाहारी केकच्या पाककृती. मी दामल्यांशी सौदा केला. गणपतीच्या जेवणाचं श्रीखंड माझ्याकडून, अख्ख्या हायस्कूलच्या हॉलला पुरेल एवढं. शिवाय अंकाच्या पाठीमागच्या पानावर माझी जाहिरात. बदल्यात मावशींची कथा पूर्ण छापायची. मी सौदा नीट करतो. मी म्हणालो, “दामले, पूर्ण म्हणजे एक शब्द कमी नाही.” ते म्हणाले, “शुअर, शुअर, जगताप! शब्द कमी करणार नाही, प्रॉमिस.” आता कळतं, की मी ‘एक शब्द इकडचा तिकडे नाही’ असं म्हणायला हवं होतं. कच्चा माल बघून घेतला, पक्क्या मालाची अट घालायला विसरलो. सातही वह्या मावशींनी त्यांच्या हातात दिल्या. झेरॉक्स काढू या, असं मी म्हणालो तर मावशी म्हणाल्या, “शिकलेले आहेत हो ते.” आयुष्यात एकदाच त्यांनी पुरावा मागितला नाही.

अंक पुण्यात छापून खोक्यांतून येत असे, आणि खोकी माझ्या दुकानात उतरत. त्या वर्षी सोमवारी दुपारी आली. त्याच दिवशी संध्याकाळी बॉस्टनहून प्रसाद निघत होता, माझं नेहमीचं गिऱ्हाईक, दोन मुलांचा बाप, मूळ कराडचा. इथला आपला नियम आहे : कुणी इंडियाला जातंय म्हटलं की पोस्टात टाकायचं नाही, त्याच्या बॅगेत घालायचं. प्रसाद दारात गाडी चालू ठेवून आत आला, “काका, दोन पौंडांची जागा आहे, काही द्यायचंय का?” मी खोकं फाडलं, वरचा अंक काढला, गावाचं नाव आणि गंगूबाईंचं नाव कागदावर लिहिलं आणि म्हणालो, “हे तूच वाचून दाखवायचं. शेवटपर्यंत. शेवटचं पान सावकाश.”

आंब्याची प्रत्येक पेटी उघडून खालचा थर बघणारा मी. अंक उघडला नाही.

मावशींना फोन केला. त्यांना सर्दी झाली होती. “निघाला तुमचा अंक!”

“वाचलात?”

“वाचायचं काय? चार वेळा ऐकलंय.”

“न बघता माल पाठवलात, जगताप?” त्या हसल्या. मीही हसलो.

शनिवारी आल्या. चष्मा पुसला, अंक उभ्यानेच शेवटून उघडला. मी तेलाचे डबे लावत होतो. लावून वळलो, तर त्या तांदळाच्या पोत्यांवर बसल्या होत्या आणि अंक मांडीवर उघडा होता.

“जगताप, वाचा.”

मी वाचलं. छापलेल्या कथेत सगुणा गोधडीजवळ जातच नाही. पोतं धोंडीच्या लष्करी पेटीत सापडतं. धोंडी रडत गुरुजींचे पाय धरतो. गुरुजी त्याला उठवतात, त्याच्या खांद्यावर हात ठेवतात आणि म्हणतात, “चूक कबूल करणारा तोच खरा वीर.” मग सगळं गाव टाळ्या वाजवतं.

“माझ्या वडिलांनी त्याला क्षमा केली म्हणे,” मावशी म्हणाल्या. आवाज वर्गात हजेरी घेताना असतो तसा. मग म्हणाल्या, “प्रसादला फोन लावा.”

लावला. कराडला त्याच्या वडिलांच्या घरी. तोच आला फोनवर, खूश होता. “काका, तुमचं काम आधी केलं! काल जाऊन आलो. सगळी आळी जमली होती. तीन तास वाचलं, अक्षरशः घसा बसला.”

“म्हातारी काय म्हणाली?”

“ऐकत होती शांत. शेवट झाल्यावर तिने एकच विचारलं : ह्ये वत्सीनं लिव्हलंय? मी म्हटलं, हो आजी, इथे नाव आहे बघा. मग परत तेच विचारलं. मग आत गेली. चहा नाही दिला, पण म्हाताऱ्या माणसांचं काय, राहून जातं.”

मी फोन कानाला घट्ट लावला होता. पण प्रसाद मोठ्याने बोलतो.

मावशींनी माझ्याकडून एक कोरी वही मागितली. शेवटची तीन पानं त्यांनी तिथेच बसून पुन्हा लिहिली, सोबत पत्र लिहिलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना अडून अडून लिहिताना पाहिलं. सोमवारी मी ते रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं, या वेळी कुणाच्या बॅगेत नाही. उत्तर आलं नाही. पुढे प्रसादच्या वडिलांकडून कळलं, की लिफाफा पोचला. पण गंगूबाईंच्या मुलाने तो उघडू दिला नाही. एकदा ऐकलं तेवढं पुष्कळ झालं, म्हणाला.

दामल्यांना मी मंडळाच्या कोजागिरीत गाठलं. चांगल्या आवाजात बोलायचं ठरवून गेलो होतो. चार वाक्यं टिकलं.

“जगताप, प्लीज काम डाउन. मी जस्ट थोडं पॉलिश केलं. संपादकीय संस्कार म्हणतात त्याला.”

“चोर बदललात तुम्ही!”

“अहो, फॅमिली ऑडियन्स आहे. स्कूल टीचर चोर, इट डझन्ट लुक नाइस. आपली मुलं हा अंक बघतात.”

“तुमच्या मुलांना मराठी वाचता येतं?”

 त्यांचा मुलगा शेजारीच फोनवर गेम खेळत होता, त्याने मान वर करून म्हटलं, “डॅड, हू इज धिस गाय?” आजूबाजूचे हसले. दामले मात्र नाही हसले. त्यांनी समजावणीचा सूर लावला. “आणि ही फिक्शन आहे ना? फिक्शनमध्ये चोर कुणीही असू शकतो.”

मग मी त्यांना ते सांगितलं, जे सांगायला नको होतं. की ते गुरुजी मावशींचे वडील, आणि धोंडी खरा माणूस. मला वाटलं, आता तरी हा माणूस मान खाली घालील. कथेतल्या गुरुजींनी घातली तशी. दामल्यांचा चेहरा खुलला. म्हणाले, “अरे! मग तर मी त्यांच्या वडिलांचं नावच वाचवलं!”

कोजागिरीसाठीही मी श्रीखंडाचा डबा नेला होता, तो उचलून परत घेऊन आलो. दुसरं काय उचललं असतं, ते न सांगितलेलं बरं.

मावशींनी वह्या परत मागितल्या. त्यांचा मुलगा जाऊन घेऊन आला, सहाच होत्या. सातवी ‘मिसप्लेस झाली’. पुढे मावशी आजारी पडल्या, त्या आजारपणातही त्यांनी दामल्यांना तीन पत्रं लिहिली, शुद्ध मराठीत, एकही कडवट शब्द नाही. त्यांना उत्तर म्हणून एक शुभेच्छापत्र आलं, फुलांचं, इंग्रजीत, ‘गेट वेल सून’. ते त्यांनी मला दाखवलं. “बघा, लेबल किती छान आहे,” म्हणाल्या. दोन हिवाळे त्या तशाच दुकानात येत-जात राहिल्या. शेवटी शेवटी बास्केटमध्ये बघायच्या नाहीत. एकदाच, एक नवरा-बायको न बोलता सामान घेत होते, तर म्हणाल्या, “भांडण तिचं खरं आहे.” मी सवयीने विचारलं, “पुरावा?” त्या म्हणाल्या, “नसतो हो प्रत्येक वेळी. म्हणून काय खरं कमी होतं?”

गेल्या मार्चमध्ये त्या गेल्या. पार्किंगमधला बर्फाचा ढीग काळा पडला होता. फ्युनरल होममध्ये मंडळाचे सगळे होते, कोट घालून. तांदळाच्या पोत्यांची रास मी दुसरीकडे हलवली, कारण लोक तिथे बास्केट टेकवायला लागले होते.

त्या वर्षीच्या अंकात दामल्यांनी श्रद्धांजली लिहिली. ‘वत्सलाताईंच्या कथेचा शेवट, चोराच्या पश्चात्तापाचा, मनाला चटका लावून जातो,’ असं वाक्य आहे त्यात. स्वतःच्याच शेवटाचं त्यांनी मेलेल्या बाईच्या नावाने कौतुक केलं. मी मंडळाच्या सभेत उठलो आणि म्हणालो, खरा शेवट छापा. दामले माइकवरून शांतपणे म्हणाले, “मूळ शेवट वेगळा होता, याचा काही पुरावा आहे का, जगताप?”

तिचा शब्द. त्या माणसाच्या तोंडात.

कागदावरचा पुरावा दोनच ठिकाणी आहे. एक कराडजवळच्या एका घरात, न उघडलेल्या लिफाफ्यात. दुसरा दामल्यांकडे. आणि तिसरा मी आहे. दुकानदार, कमी शिकलेला, तापट. पण चार वेळा ऐकलेलं आहे, आणि काय ऐकलं ते वर लिहिलं आहे : दार, गोधडी, शिक्का. अंक न उघडता पाठवला, ही चूक माझी. ती मी कबूल करतो, आणि त्याबद्दल कुणी माझ्या खांद्यावर हात ठेवायची गरज नाही.

पण गंगूबाई अजून आहेत, नव्वदीकडे नाही, सत्तरीतच, ऐकू नीट येतं. पुढच्या महिन्यात मी स्वतः गावी जातोय. त्यांच्या ओसरीवर बसून मला सावकाश वाचायचं आहे, आणि माझ्या शब्दांत नाही, वत्सीच्या.

दामले, सातवी वही कुठे आहे? मला सांगू नका. विमानाच्या आधी आणून द्या, नाहीतर माझ्याबरोबर चला आणि त्या म्हातारीसमोर उभं राहून सांगा, की तिचा भाऊ चोर आहे हे तुम्ही कशावरून लिहिलंत.